शेवटच्या पगारानंतरचे पहिले वर्ष

नोकरीतील बहुतेक गोष्टी अनिश्चित असतात. बढती केव्हा मिळेल, बदली कोठे होईल, हे कोणी सांगू शकत नाही. सेवानिवृत्तीची तारीख मात्र सेवापुस्तिकेत जन्मतारीख नोंदवली जाते तेव्हाच ठरून गेलेली असते. तीस-पस्तीस वर्षे आधी कळलेल्या या दिवसाची तयारी तरीही अनेक घरांत अखेरच्या सहा महिन्यांत सुरू होते, आणि तीही कागदपत्रांपुरती: अर्ज, छायाचित्रे, थकबाकी नसल्याचा दाखला, बँकेचे खाते. मग कार्यालयात शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी जाग आली तरी जायचे कोठेच नसते.

त्या सकाळी दोन गोष्टी एकदम थांबलेल्या असतात. एक दरमहाचा पगार, आणि दुसरी त्या पगाराबरोबर चालत आलेली ओळख. आर्थिक सल्ला देणारे पहिलीविषयी बोलतात, मनाच्या स्वास्थ्याविषयी लिहिणारे दुसरीविषयी. प्रत्यक्षात या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतात. निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम पहिल्या वर्षभरात जेथे जाते, त्यामागे पुष्कळदा हिशेबापेक्षा मनाची अवस्था अधिक असते. घरातील कर्ता अजून आपणच आहोत, हे स्वतःला आणि इतरांना पटवून देण्याची ती घाई असते. मनाची तयारी नसेल तर पैशाची तयारी टिकत नाही, आणि पैशाची नसेल तर मन स्थिर राहत नाही.

गोव्यासाठी हा प्रश्न विशेष जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर गोव्यात ते ११.२ टक्के होते. केरळनंतर सर्वांत ज्येष्ठ लोकसंख्या असलेले हे राज्य. शिकलेली मुले पुणे, मुंबई, बेंगळुरू किंवा परदेशात, आणि गावातल्या मोठ्या घरात दोन वयस्क माणसे, हे चित्र आता अपवादाचे राहिलेले नाही.

निवृत्ती एक, प्रकार अनेक

तयारीची पहिली पायरी म्हणजे आपण कोणत्या प्रकारचे निवृत्त होणार आहोत, हे नेमके जाणून घेणे. एकाच वाड्यावरील चार शेजारी एकाच वर्षी निवृत्त झाले तरी चौघांची स्थिती चार प्रकारची असू शकते.

जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण सेवेनंतर अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते, त्यावर महागाई भत्ता मिळतो आणि वेतन आयोगाबरोबर ते सुधारते. वयाच्या ८० व्या वर्षापासून त्यात २० टक्के वाढ होते आणि पुढे दर पाच वर्षांनी ही टक्केवारी वाढत जाते. महागाईशी झुंजण्याचे ओझे येथे बहुतांशी सरकार उचलते.

केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीसाठी ही व्यवस्था बंद करून राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली, म्हणजे एनपीएस, आणली. गोव्यासह बहुतेक राज्यांनी पुढील काळात तोच मार्ग स्वीकारला. येथे निवृत्तिवेतन ठरलेले नसते. दोन्ही बाजूंच्या वर्गणीतून साठलेला निधी आणि त्या वेळचा बाजार यांवर ते अवलंबून असते. निवृत्तीच्या वेळी सरकारी कर्मचाऱ्याला निधीतील जास्तीत जास्त ६० टक्के रक्कम हाती घेता येते आणि किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजे ठरावीक उत्पन्न देणारी योजना, घ्यावी लागते. नेहमीच्या वार्षिकीची रक्कम पहिल्या महिन्यात जेवढी असते तेवढीच वीस वर्षांनंतरही राहते, ही बाब सही करण्यापूर्वी ध्यानात घ्यायला हवी. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून एकत्रित निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय खुला झाला. त्यात २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांतील सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे.

खासगी कारखान्यातील, खाणीवरील किंवा हॉटेलातील कर्मचाऱ्याची स्थिती यापेक्षा कितीतरी नाजूक असते. भविष्य निर्वाह निधीबरोबर १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना त्याला लागू असते. तिचे सूत्र साधे आहे: निवृत्तिवेतनास पात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. सप्टेंबर २०१४ पासून या वेतनाची सर्वसाधारण मर्यादा दरमहा १५,००० रुपये आहे. त्या मर्यादेवर ३५ वर्षांची सेवा धरली तरी दरमहा ७,५०० रुपयेच होतात, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये आहे. दहा वर्षांची सेवा पूर्ण नसेल तर मासिक निवृत्तिवेतनाचा हक्कच मिळत नाही. नोकरी बदलताना निधी काढून घेणाऱ्या तरुणांना याची जाणीव उशिरा होते.

चौथा वर्ग दुकानदार, टॅक्सीचालक, मच्छीमार, जहाजावर किंवा आखातात कंत्राटावर राबलेले यांचा. त्यांना निरोप समारंभही नसतो आणि निवृत्तिवेतनही नसते. जे काही साठवले तेच त्यांचे निवृत्तिवेतन.

निवृत्ती ठरलेल्या दिवशीच येते, असेही नाही. गोव्यातील खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर असलेल्या अनेकांची कमाई एका दिवसात थांबली. खासगी नोकरीत असलेल्याने आपला हिशेब साठाव्या वर्षाचा न धरता पंचावन्नाव्या वर्षाचा धरावा, हा या अनुभवाचा धडा आहे.

एकरकमी पैशाचे दडपण

ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी आणि अंशराशीकरणाची रक्कम अशा चार-पाच वाटांनी निवृत्तीच्या सुमारास पैसा येतो. आयुष्यभर महिन्याच्या हिशेबाने जगलेल्या माणसाच्या खात्यात प्रथमच मोठी रक्कम एकदम दिसते. ती संपत्ती भासते. खरे तर तो पुढील वीस-पंचवीस वर्षांचा आगाऊ मिळालेला पगार असतो.

अंशराशीकरणाचे उदाहरण घ्यावे. जुन्या योजनेतील कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. निवृत्तिवेतन ४०,००० रुपये असेल तर १६,००० रुपये विकता येतील. साठाव्या वर्षी निवृत्त होताना केंद्रीय नियमांप्रमाणे गुणक ८.१९४ धरतात. त्यामुळे १६,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४ म्हणजे सुमारे १५ लाख ७३ हजार रुपये हाती येतात. त्या बदल्यात मासिक निवृत्तिवेतन २४,००० रुपयांवर येते, महागाई भत्ता मात्र मूळ ४०,००० रुपयांवरच मिळत राहतो. विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. या १५ वर्षांत सोडलेली रक्कम २८ लाख ८० हजार रुपये होते. कर्ज फेडायचे असेल किंवा पैसे नीट गुंतवायचे असतील तर हा व्यवहार योग्य ठरू शकतो. ‘सगळेच घेतात’ म्हणून घेतला तर तो महाग पडतो.

पैसे आल्याची बातमी घरात आणि नात्यात लपत नाही. मुलाला व्यवसाय काढायचा असतो, मुलीचे लग्न ठरलेले असते, जुन्या घरावर मजला चढवायचा असतो, भाच्याला जहाजावर जाण्यासाठी पैसे हवे असतात. यातील एकही मागणी वाईट हेतूची नसते. म्हणूनच नकार देणे कठीण जाते. त्यातच अधिकाराची खुर्ची नुकतीच सुटलेली असते, आणि ‘बाबांनी दिले’ हे शब्द ऐकताना गेलेला मान परत मिळाल्यासारखे वाटते. देणाऱ्याचे मन त्या क्षणी पैशाच्या बदल्यात मान विकत घेत असते, हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही.

यावर एक जुना, साधा उपाय आहे: पहिल्या वर्षात मोठा आणि परत न फिरवता येणारा निर्णय घ्यायचा नाही. मजला नाही, जमीन नाही, कोणाच्या धंद्यात भागीदारी नाही, कोणासाठी जामीनकी नाही. रक्कम सुरक्षित ठेवींत ठेवून एक वर्ष जगून पाहावे. घरखर्च प्रत्यक्षात किती होतो, औषधे किती लागतात, प्रवासाची हौस किती उरते, हे बारा महिन्यांत कळते. मुलांना द्यायचेच असेल तर किती द्यायचे, हेही मग हिशेबाने ठरवता येते, आणि दिलेले परत येणार नाही असे धरूनच द्यावे. निवृत्तीपूर्वीच पती-पत्नीने ही मर्यादा ठरवून मुलांना सांगितली असेल, तर मागणीच्या वेळी कोणाचे मन दुखावत नाही.

महागाई, न दिसणारा खर्च

आज ज्या घराचा खर्च दरमहा ३०,००० रुपयांत भागतो, त्या घराला महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर दहा वर्षांनी सुमारे ५३,७०० आणि वीस वर्षांनी सुमारे ९६,२०० रुपये लागतील. खर्च तोच, भाजी तीच, मासळी तीच. साठीला निवृत्त झालेल्या जोडप्यापैकी एकाने तरी ८५ पर्यंत जगणे आता नवलाचे नाही. म्हणून पहिल्या वर्षी व्याजात घर चालते, याचा अर्थ पंधराव्या वर्षीही चालेल असा होत नाही.

रकमेचे तीन भाग करण्याची पद्धत येथे उपयोगी पडते. पहिला भाग दीड-दोन वर्षांच्या खर्चाचा, बचत खात्यात आणि अल्प मुदतीच्या ठेवीत, केव्हाही काढता येईल असा. दुसरा नियमित उत्पन्नाचा. टपाल खाते आणि बँकांमार्फत मिळणारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना यासाठीच आहे. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना, आणि निवृत्तीची रक्कम ठरावीक मुदतीत गुंतवणाऱ्यांना पंचावन्नपासूनही, तीत जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात. मुदत पाच वर्षांची असून व्याज दर तीन महिन्यांनी मिळते. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेला ८.२ टक्के दर धरला तर ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये होतात. नव्या खात्यांसाठीचा दर सरकार दर तिमाहीला ठरवते. खाते उघडताना असलेला दर पूर्ण मुदतीसाठी कायम राहतो.

तिसरा भाग वाढीचा. दहा वर्षे तरी हात लावावा लागणार नाही अशीच रक्कम या भागात असावी. म्युच्युअल फंडांतील शेअर बाजाराशी निगडित योजनांचा विचार येथे होतो. बाजार पडला की झोप उडत असेल तर हा भाग लहान ठेवावा. महागाईच्या दृष्टीने तो पूर्णपणे वगळणे हीदेखील जोखीमच आहे. जुन्या योजनेतील निवृत्तिवेतनधारकाला त्याची गरज कमी, खासगी क्षेत्रातून निवृत्त झालेल्याला अधिक.

ओळखीची बँक आणि सुरक्षित बँक

गावातील सहकारी बँक किंवा पतसंस्था म्हणजे ओळखीची माणसे, आपुलकीची वागणूक आणि अर्धा-एक टक्का अधिक व्याज. निवृत्तीची पुंजी तेथे जाणे स्वाभाविक असते. परंतु म्हापशातील नागरी सहकारी बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगावातील नागरी सहकारी बँकेचा २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला, हे गोमंतकीय ठेवीदारांना विसरता येण्यासारखे नाही.

बँक बुडाल्यास ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेत, सर्व शाखांतील ठेवी आणि व्याज मिळून, ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे. सहकारी पतसंस्थांना मात्र ते नाही. ‘बँक’ आणि ‘संस्था’ या दोन शब्दांतील हा फरक पावतीवर वाचून घेणे आवश्यक आहे. पतसंस्थेत ठेव ठेवूच नये असे नाही, परंतु आयुष्याची पुंजी एका ठिकाणी आणि विमा नसलेल्या ठिकाणी ठेवणे हे ओळखीपोटी केलेले धाडस ठरते.

दुसरा धोका दूरध्वनीवरून येतो. पोलीस किंवा तपास यंत्रणेचे नाव सांगून, दृक्‌श्राव्य संभाषणावर तासन्‌तास अडकवून ठेवून खात्यातील पैसे वळते करून घेण्याचे प्रकार ज्येष्ठांच्या बाबतीत वारंवार घडतात. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही कारवाई भारतीय कायद्यात नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवले तर रक्कम पुढे जाण्याआधी अडवण्याची शक्यता असते. दिवसभर एकट्या असलेल्या माणसाला, आपल्याशी कोणीतरी आदराने आणि सविस्तर बोलते आहे, याचे अप्रूप वाटते. फसवणारे नेमका त्याचा लाभ घेतात. एकटेपणाची किंमत येथे थेट रुपयांत मोजावी लागते.

आजारपणाची तरतूद नोकरीतच

नोकरीतील सामूहिक आरोग्य विमा बहुधा निवृत्तीच्या दिवशीच संपतो. त्यानंतर साठाव्या वर्षी नवी पॉलिसी घ्यायला गेल्यास हप्ता जास्त असतो, आणि आधीपासूनच्या मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ लागू होऊ शकतो. म्हणून स्वतःची वेगळी पॉलिसी निवृत्तीपूर्वी चार-पाच वर्षे घेतली तर हा काळ नोकरीतच निघून जातो. २०२४ मध्ये विमा नियामकाने नवी आरोग्य पॉलिसी घेण्यासाठीची वयोमर्यादा काढून टाकली असली, तरी उशिराची किंमत कमी झालेली नाही.

सरकारी आधारही माहीत असावा. ऑक्टोबर २०२४ पासून वयाची सत्तरी पूर्ण केलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय हा सामान्य माणसाचा मोठा आधार आहे. या योजनांची कार्डे आजारी पडण्यापूर्वी काढून ठेवायची असतात.

हिशेब दोघांचा

निवृत्तीचे नियोजन पुष्कळदा निवृत्त होणाऱ्या पुरुषाचे होते. सर्वसाधारणपणे पत्नी वयाने लहान असते आणि स्त्रियांचे आयुर्मान अधिक असते. त्यामुळे नियोजनाची अखेरची आठ-दहा वर्षे अनेकदा तिला एकटीने काढायची असतात. त्या वर्षांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

जुन्या योजनेत ८०,००० रुपये अखेरचे मूळ वेतन असलेल्याला ४०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळत असेल, तर त्याच्या पश्चात पत्नीला मिळणारे सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे २४,००० रुपये असते. आरंभी काही काळ ते वाढीव दराने मिळते: पतीच्या मृत्यूपासून सात वर्षे, किंवा पतीचे वय ६७ झाले असते तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत. एनपीएसमधील वार्षिकी निवडताना जोडीदाराला ती पुढे चालू राहील असा पर्याय न घेतल्यास पतीबरोबर उत्पन्नही संपते. अशा वार्षिकीची मासिक रक्कम थोडी कमी असते, आणि त्या थोड्याशा फरकासाठी चुकीचा पर्याय निवडला जातो.

गोव्यात यापुढचा प्रश्न घराचा आणि कायद्याचा आहे. येथे विवाह आणि वारसा यांसंबंधी पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी कायदा लागू आहे. वारशाच्या तरतुदी आता २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्यात आहेत. विवाहाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक मानली जाते आणि तीत प्रत्येकाचा निम्मा वाटा असतो. स्थावर मालमत्ता विकताना दोघांची संमती लागते. मुलांना वारसा हक्कातून मनमानीने वगळता येत नाही. मृत्युपत्राने आपल्या वाट्याच्या निम्म्या भागाचीच व्यवस्था स्वेच्छेने करता येते. ‘घर बायकोच्या नावे लिहून दिले की झाले’ किंवा ‘सगळे धाकट्याला देऊ’ अशा समजुती म्हणूनच येथे चालत नाहीत. वडिलोपार्जित घराची इन्व्हेंटरी आजोबांच्या काळापासून राहून गेली असेल तर ते काम हातपाय चालत आहेत तोवर मार्गी लावणे, ही पुढील पिढीला दिलेली मोठी भेट ठरते.

नॉमिनी आणि वारस यांतील फरकही समजून घ्यावा. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो. मालकी कोणाची, हे वारसा कायदा ठरवतो. बँक खात्याला आता चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. तीस वर्षांपूर्वी उघडलेल्या खात्यावर आईचे नाव नॉमिनी म्हणून तसेच राहिले आहे का, हे एकदा तपासून पाहणे एवढीही तयारी अनेक घरांत झालेली नसते.

रिकामा दिवस

निवृत्तीनंतरच्या मनाचे टप्पे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७० च्या दशकात मांडले. आरंभी सुट्टीसारखा आनंदाचा काळ असतो, त्यानंतर पुष्कळांना भ्रमनिरास जाणवतो, मग आपल्या नव्या परिस्थितीला साजेशी घडी बसवण्याचा प्रयत्न सुरू होतो आणि अखेर स्थैर्य येते. प्रत्येकजण या सर्व टप्प्यांतून जातोच असे नाही. परंतु राहिलेल्या यात्रा झाल्या, कपाटे आवरून झाली, भेटीगाठी संपल्या, आणि सहाव्या-आठव्या महिन्यात एकाएकी उदास वाटू लागले, तर त्यात विपरीत काही नाही, एवढे आधी माहीत असले तरी पुरेसा धीर येतो.

या काळात घरात नकळत ताण निर्माण होतो. पतीचे कार्यालय सुटले, तरी पत्नीचे स्वयंपाकघर सुटलेले नसते. तीस वर्षे सकाळी नऊ ते सायंकाळी सहा हे घर तिचे होते. तिचा दिनक्रम होता, शेजार होता, दुपारची विश्रांती होती. तेथे आता कार्यालयात हुकूम देण्याची सवय झालेला माणूस दिवसभर बसून डब्यांची मांडणी सुचवू लागतो. दोघांच्याही वाट्याला थोडा स्वतंत्र वेळ आणि थोडी स्वतंत्र जागा राहावी, आणि घरकामाची वाटणी नव्याने व्हावी, हे निवृत्तीपूर्वीच बोलून ठेवण्यासारखे आहे. स्त्री स्वतः नोकरीतून निवृत्त होते तेव्हा प्रश्न उलटा असतो: ती आता ‘मोकळी’ झाली असे गृहीत धरून नातवंडे, आजारी सासू आणि घरातील सर्व कामे तिच्याकडे सोपवली जातात. तिच्या निवृत्तीला निवृत्ती मानणे, ही घरातील इतरांची तयारी आहे.

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालू असलेल्या प्रौढ जीवनाच्या दीर्घ अभ्यासातून हाती आलेला एक मुख्य निष्कर्ष असा की, उतारवयातील आरोग्य आणि समाधान यांचा जवळच्या माणसांशी असलेल्या संबंधांशी घट्ट संबंध असतो. कार्यालयातील मैत्री बहुधा कार्यालयापुरती असते. खुर्ची गेली की फोन येणे थांबते, आणि त्याचे दुःख पुष्कळांना निवृत्तिवेतनाच्या रकमेपेक्षा अधिक बोचते. म्हणून कार्यालयाबाहेरची नाती पंचावन्नाव्या वर्षापासून जोपासायला हवीत.

गोमंतकीय गावात याची साधने अजून टिकून आहेत. देवस्थानाची समिती, भजनी मंडळ, जत्रेतील नाटकाची तालीम, गावचे वाचनालय, कुळागरातील काम, शाळेतील मुलांना शिकवणे, यांपैकी कशातही प्रवेशासाठी पदाची अट नाही. अट एकच, आणि तीच अधिकाऱ्यांना कठीण जाते: तेथे पहिल्या दिवशी नवखा म्हणून बसावे लागते. ज्याने नोकरीत असतानाच रविवारी सतरंजी घालण्यास हात लावला आहे, त्याला निवृत्तीनंतर जागा शोधावी लागत नाही. अर्धवेळ काम करणेही उत्तम, मात्र ते पैशाच्या गरजेपोटी आहे की रिकामपणाच्या भीतीपोटी, हे स्वतःशी स्पष्ट असावे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळली, झोप आणि भूक बिघडली, मद्याचे प्रमाण वाढले, तर तो केवळ ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी आणि एल्डरलाइनच्या १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांच्या अन्य अडचणींविषयी विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

केव्हा काय करावे

पाच वर्षे आधी कर्जफेडीचा आराखडा, स्वतंत्र आरोग्य विमा आणि कार्यालयाबाहेरचे एक तरी काम सुरू व्हावे. तीन वर्षे आधी सेवापुस्तिका, भविष्य निर्वाह निधीची खाती आणि आधार कार्ड यांवरील नाव व जन्मतारीख जुळते का, हे तपासावे. एका अक्षराच्या फरकामुळे निवृत्तिवेतन अडून राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. एक वर्ष आधी पती-पत्नीने सहा महिने केवळ संभाव्य निवृत्तिवेतनाएवढ्या रकमेत घर चालवून पाहावे आणि उरलेला पगार बाजूला ठेवावा. कोणताही तज्ज्ञ सांगू शकणार नाही इतके नेमके उत्तर या प्रयोगातून मिळते. निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो. ऐंशी ओलांडलेल्या सरकारी निवृत्तिवेतनधारकांना तो ऑक्टोबरपासून देता येतो, आणि जीवन प्रमाण सुविधेमुळे आता चेहरा ओळखून घरबसल्याही तो देता येतो.

या सर्वांच्या जोडीला घरात एक वही असावी. कोणत्या बँकेत काय आहे, पॉलिसी कोणत्या, लॉकरची किल्ली कोठे, निवृत्तिवेतनाचा आदेश कोणत्या फायलीत, घराचे कागद कोणाकडे, वकील कोण, डॉक्टर कोण. ती लिहायला एक रविवार पुरतो. लिहिताना मात्र दोघांनी शेजारी बसून लिहावी आणि महिन्याचे बँकेचे काम दोघांनी आळीपाळीने करावे. जिने आयुष्यात कधी धनादेशावर सही केली नाही, तिला पंचाहत्तराव्या वर्षी, दुःखाच्या त्या दिवसांत, बँकेच्या खिडकीसमोर पहिल्यांदा उभे राहावे लागू नये.